फील्ड लावलं की क्यू झोपतो, काढलं तरी उठत नाही

थंडीतला_पोरगा:
मंडळी, ईएसआरसाठी (चुंबकीय फील्डमध्ये इलेक्ट्रॉनचे स्पिन मायक्रोवेव्हने मोजायची पद्धत) सफायरवर नायोबियमची पातळ फिल्म, त्यात 7 गिगाहर्ट्झचा कोप्लेनर रेझोनेटर (चिपवरचं सपाट मायक्रोवेव्ह सर्किट) केलाय. 1.6 केल्विनला क्यू (जितका जास्त तितकी ऊर्जा कमी वाया जाते) 35 हजार आला, खूश झालो. मग फील्ड चढवत 250 मिलिटेस्लाला गेलो (जी=2 चा, म्हणजे साध्या मोकळ्या इलेक्ट्रॉनचा सिग्नल तिथेच यायला हवा ना) तर क्यू 1800!! फील्ड शून्यावर आणलं तरी 6 हजाराच्या वर जाईना. वर डीपीपीएचचा (ईएसआरच्या चाचणीसाठी वापरतात ते स्पिनवालं रसायन) कण चिकटवलाय, त्याने होतंय का? सर म्हणतात कनेक्टर बघ, तीन दिवस तेच बघतोय.

हीलियमवाला:
कनेक्टर सोड रे. शून्याला येऊनही क्यू आला नाही म्हणजे फिल्ममध्ये व्होर्टेक्स (सुपरकंडक्टरमध्ये घुसलेले चुंबकीय फील्डचे बारीक भोवरे) अडकलेत. फील्ड फिल्मला समांतर असेल तर नायोबियम छान टिकतं, पण चिप 1 अंशाने तिरकी असली की 250 पैकी 4.4 मिलिटेस्ला फिल्मला काटकोनात घुसतं, व्होर्टेक्स होतात, मायक्रोवेव्ह करंट त्यांना हलवत बसतो आणि क्यू तिथे खर्च होतो. नुसतं फील्ड उतरवून ते सगळे जात नाहीत. 9.2 केल्विनच्या वर ने, तिथे नायोबियम सुपरकंडक्टर राहत नाही, मग शून्य फील्डमध्ये थंड कर. रेझोनेटरभोवतीच्या ग्राउंडच्या फिल्मला बारीक भोकं पाडलीयेस का? नसतील तर पुढच्या चिपला पाड, व्होर्टेक्स त्यात अडकून बसतात.

स्पिनताई:
कणाकडेही बघ हं. क्यू 35 हजार म्हणजे रेझोनेटरची बँडविड्थ (रेझोनन्सची रुंदी) 200 किलोहर्ट्झ, आणि डीपीपीएचची रेषा कित्येक मेगाहर्ट्झ रुंद, एवढे स्पिन एकदम शोषायला लागले तर क्यू पडणारच. 230 आणि 270 लाही मोजून बघ, तिथेही पडलेलाच असेल तर फिल्म, तिथे ठीक आणि 250 लाच पडत असेल तर कण.

नवा_भिडू:
मग ॲल्युमिनियम का नाही वापरत? फ्रान्समधल्या सॅक्लेच्या लॅबवाल्यांनी 2016 साली त्यावरच फक्त 1700 स्पिन ओळखण्यापर्यंत मजल मारली ना?

हीलियमवाला:
त्यांनी सिलिकॉनमधला बिस्मथ घेतला होता, त्याच्या स्पिनच्या ऊर्जापातळ्यांत शून्य फील्डलाच 7.4 गिगाहर्ट्झची फट आहे, काही मिलिटेस्लात काम होतं. शिवाय डायल्यूशन फ्रिज, म्हणजे 1 केल्विनच्या खूप खाली. ह्याच्या 1.6 केल्विनला ॲल्युमिनियम सुपरकंडक्टरच नाही, 1.2 ला होतं ते.

थंडीतला_पोरगा:
अपडेट: 12 केल्विनला नेऊन परत थंड केलं, क्यू 34 हजार! मग चिपचा तिरकेपणा काढायला डब्याच्या एका बाजूखाली कॅप्टन (Kapton) टेपचे दोन थर घातले, आता 230 ला 19 हजार. 250 ला मात्र अजून 3 हजारच, म्हणजे ताई म्हणते तसा कणपण आहे. डीपीपीएच याहून छोटा कसा करायचा? चिमट्यात धरता येत नाही आता.

स्पिनताई:
पॉलिस्टायरीनबरोबर टोल्युइनमध्ये विरघळव, एक थेंब टाक, वाळू दे.