मदत हवी आहे : पैदाशीसाठी घोडा लावायला देताना काय ठरवावं?

मंडळी, शहादा तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे पाच वर्षांचा मारवाडी घोडा आहे, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंडावर पांढरं), गळ्याला देवमन (शुभ मानतात तो केसांचा भोवरा). सारंगखेड्याच्या यात्रेत लोकांनी पाहिला, तेव्हापासून घोडी लावायला मागणी सुरू आहे.

अडचण पैशांची. कुणी म्हणतं लावतानाच सगळे घ्या, कुणी म्हणतं निम्मे आता, निम्मे घोडी गाभण ठरल्यावर. नाही राहिली तर पुढच्या माजाला, म्हणजे साधारण २१ दिवसांनी, पुन्हा फुकट लावून द्यायची का? शिंगरू अकरा महिन्यांनी होणार, तोवर तोंडी बोली कुणाच्या लक्षात राहते! कागद करत असाल तर त्यात काय लिहिता?

दुसरं, ग्लँडर्स, म्हणजे घोड्यांचा संसर्गजन्य रोग. हा आजार माणसालाही होतो, त्यामुळे रक्ततपासणीशिवाय बाहेरची घोडी दारात घ्यायची नाही, हे माझं पक्कं. (गावात यावरून मला शिष्ट म्हणतात, म्हणू देत.) नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पाठवता येतो का? अहवालाला किती दिवस लागतात?

आणि आठवड्याला किती घोड्या लावाव्यात? अनुभव असलेल्यांनीच सांगा, भाव विचारायला फोन नको.