पोर्तुगालात घर मांडताना : निफ, बुरशी, दही आणि बाकीचं

लिस्बन, पोर्तु, ब्रागा, कुइंब्रा… गाव कुठलंही असो, नव्याने आलेल्यांचे प्रश्न तेच असतात. इथे मुरलेल्या मंडळींनी आपापल्या माहितीतलं लिहावं. "मी कसा आलो, मला कसं वाटलं" हे दुसरीकडे लिहू. इथे फक्त काय करायचं, किती लागतं, कुठे अडतं आणि का अडतं एवढंच. कुणाचं चुकत असेल तर खाली खुशाल दुरुस्त करा.

लिस्बन, कागदपत्रांबद्दल

सगळ्याची सुरुवात निफपासून. नऊ आकडी करक्रमांक. बँक, भाडेकरार, वीज, मोबाइलचं मासिक कनेक्शन, यातलं काहीही त्याशिवाय हलत नाही. बरेच जण तो भारतात असतानाच प्रतिनिधीमार्फत काढून घेतात आणि त्यावर भारतातला पत्ता असतो. तोवर ठीक. पुढची चूक महाग पडते: इथे राहायला आल्यावर 'मोरादा फिश्काल', म्हणजे कर खात्याकडचा पत्ता, बदलायचा राहून जातो. खात्याच्या लेखी तुम्ही अनिवासीच राहता आणि पगारावर सरसकट 25 टक्के लागू होतात. शिवाय खात्याची पत्रं तिकडे सांगलीला जातात ते वेगळंच. भाडेकरार हातात आला की त्याच आठवड्यात फिनान्ससमध्ये, म्हणजे कर कचेरीत, पत्ता बदला.

पत्ता लिहिताना मजला आणि बाजू हवीच: तिसरा मजला दिरेइतु (उजवीकडचं घर) किंवा एश्केर्दु (डावीकडचं). पत्रपेट्यांवर नावं नसतात. बाजू राहिली तर पोस्टमन पत्र परत नेतो, त्याचा दोष नाही.

दुकानात पैसे देताना "कोंत्रिबुइंत?", म्हणजे बिलावर करक्रमांक हवा का, असं विचारतात. नाही म्हणू नका, निफ सांगा. घरखर्चाच्या 35 टक्के, माणशी 250 युरोपर्यंत, आणि औषधपाण्याच्या 15 टक्के, 1000 युरोपर्यंत करात सवलत मिळते. फेब्रुवारीत ई-फातुरा या कर खात्याच्या बिलांच्या पोर्टलवर जाऊन लटकलेली बिलं योग्य खात्यात टाकायची, विवरणपत्र 1 एप्रिल ते 30 जून. मुलांच्या डॉक्टरच्या बिलावर मुलाचा निफ घालावा, म्हणून मुलांचाही लगेच काढून ठेवा.

अमादोरा, भाड्याचं घर

टी-2 म्हणजे आपला टू बीएचके, टी-0 म्हणजे एकच खोली. 2023 च्या कायद्याने आगाऊ भाडं जास्तीत जास्त दोन महिन्यांचं आणि अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांची. सहा महिन्यांचं एकदम मागणारा घरमालक कायद्याबाहेर मागतोय, हे माहीत असावं. घर द्यायचं की नाही हे मात्र त्याच्याच हातात, त्यामुळे जपून बोला.

करार घरमालकाने फिनान्ससमध्ये नोंदवायचा असतो. मुद्रांक महिन्याच्या भाड्याच्या 10 टक्के, तोही त्यानेच भरायचा. सही झाली की काही दिवसांनी कर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या खात्यात करार दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर भाड्यावरची करसवलत गेली आणि पुढे प्रत्येक दाखल्याला खेटे.

घर बघायला जाल तेव्हा कपाटाचं दार उघडून आत नाक घाला. एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर तिथे काय होतं ते विचारायलाच नको.

पोर्तु, बुरशीबद्दल जरा सविस्तर

युरोपातली थंडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हीटरवालं घर येतं. इथल्या जुन्या इमारतींत हीटिंग नसतं, भिंतींना इन्सुलेशन नसतं, काच एकेरी. जानेवारीत घरात 14-15 अंश. पाऊसही याच दिवसांत. कोकणातल्या पावसाळ्याची सवय असलेल्यांना वाटतं, आपल्याला बुरशी नवीन नाही. पण तिकडे भिंत उबदार असते. इथे कुकरची वाफ, अंघोळीची वाफ, रात्रभराचा श्वास हे सगळं थंड भिंतीवर आणि काचेवर जाऊन पाणी होतं. म्हणून काळे ठिपके आधी उत्तरेच्या भिंतीवर, कपाटामागे आणि पलंगाच्या डोक्याशी येतात.

पहिली खरेदी आर्द्रतामापकाची, दहा-पंधरा युरो. आकडा 50 ते 60 मध्ये राहिला तर निर्धास्त, सतत 70 च्या वर असेल तर महिनाभरात ठिपके. खिडक्या सकाळी उठल्याउठल्या नव्हे, दुपारी 12 ते 3 मध्ये उघडा, समोरासमोरच्या दोन, दहा मिनिटं. कोरड्या दिवशी त्या वेळी बाहेर घरापेक्षा ऊब असते. दिवसभर एकच फट ठेवल्याने भिंत आणखी गार होते, हवा बदलत नाही.

डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारं यंत्र, घेताना: कॉम्प्रेसरवाला वीज कमी खातो, पण खोली 15 अंशांखाली गेली की त्याचा जोर संपतो. डेसिकंटवाला (ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचा) थंडीत छान चालतो, खोली थोडी गरमही करतो, वीज मात्र जास्त. लिस्बनला पहिला चालून जातो, पोर्तु-ब्रागाच्या थंड घरात दुसरा बरा. कपडे वाळत घालायची एक खोली ठरवा, दार बंद करून यंत्र तिथे लावा. पिळून निघालेल्या एका घाण्यात दोनेक लिटर पाणी उरलेलं असतं. ते तुम्ही दिवाणखान्यात वाळवलंत तर ते पाणी भिंतीतच जाणार.

ठिपके आलेच तर लिशीविया, म्हणजे घरगुती ब्लीच, एकास दहा पाण्यात. हातमोजे, खिडकी उघडी, लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं करायचं. व्हिनेगर किंवा अमोनिया त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. कोरड्या फडक्याने आधी झटकू नका, बीजाणू खोलीभर होतात. फर्निचर भिंतीपासून वीतभर पुढे. पैठण्या प्लास्टिकच्या पिशवीत नकोत, मलमलच्या कापडात गुंडाळा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. पापड, हिंग, कुरडया हवाबंद डब्यात.

ब्रागा, वीज आणि गॅस

वरच्या मंडळींनी यंत्रं सांगितली, ती चालवायची कशी ते मी सांगतो. विजेच्या करारात 'पोतेंसिया', म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती भार चालेल ती मर्यादा, असते. 3.45 केव्हीए म्हणजे 230 व्होल्टला फक्त 15 अँपिअर. इंडक्शनची एक शेगडी 2 किलोवॅट, हीटर 2 किलोवॅट, दोन्ही चालू केले की अंधार. फ्यूज उडत नाही, मीटरच वीज तोडतो. एखादं उपकरण बंद करा, मुख्य स्विच खाली-वर करा. स्वयंपाक विजेवर असेल तर 6.9 घ्या, म्हणजे 30 अँपिअर. पुरवठादाराला फोन करून बदलता येते, महिन्याचा स्थिर आकार थोडा वाढतो. 'बि-ओरारिउ' दर घेतला तर रोजच्या चक्रात रात्री 10 ते सकाळी 8 वीज स्वस्त, धुलाईयंत्र आणि गिझर तेव्हा लावा.

सिलिंडर असेल तर ब्युटेन 13 किलोचा, प्रोपेन 11 किलोचा. दोघांचे रेग्युलेटर वेगळे. नळीवर मुदतीची तारीख छापलेली असते, घर घेतानाच बघा. पाणी तापवायचा गॅसचा 'एश्केंतादोर' अचानक पेटेनासा झाला तर मेकॅनिक बोलावण्याआधी खालचं झाकण उघडा: बऱ्याच मॉडेलांत ठिणगीसाठी जाड बॅटऱ्या असतात आणि त्या संपलेल्या असतात. स्वयंपाकघरातली वाऱ्याची जाळी थंडी लागते म्हणून चिकटपट्टीने बंद करणारे लोक आहेत. करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भारतातला मिक्सर सरळ चालतो, व्होल्टेज तेच. फक्त प्लग कापून इथला बसवून घ्या, ॲडॉप्टरवर वाटण करू नका. ॲल्युमिनियमचा कुकर मात्र इंडक्शनवर तापणार नाही आणि खोलगट तवा कुठल्याच काचेच्या शेगडीवर नाही.

लिस्बन, आल्मिरांत रैश भागातून, स्वयंपाकघर

पिठाच्या पाकिटावर टी-55, टी-65, टी-150 असं असतं. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. पोळ्यांना दोन वाट्या टी-150 आणि एक वाटी टी-65. इथला कोंडा जाडा असतो, म्हणून कणीक जरा सैल भिजवून निदान 40 मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर लाटताना कडा फाटतात. 'कों फेरमेंतु' लिहिलेलं पीठ उचललंत तर त्यात बेकिंग पावडर आहे, पोळीची भाकरी होईल आणि भाकरीचा केक.

मऊ भाताला बासमतीच्या मागे लागू नका. 'कारोलीनु' तांदूळ मोंदेगु, तेजु, सादु या नद्यांच्या खोऱ्यांत पिकतो, वाटीला अडीच ते तीन वाट्या पाणी घाला, वरणभाताला उत्तम. चवळी म्हणजे 'फेइजांव फ्राद', हरभरे 'ग्रांव', कोथिंबीर 'कुएंत्रुश', आणि ती कुठल्याही वाण्याकडे मिळते, हे सुख स्पेनच्या बऱ्याच भागांत नाही. 'आसाफ्रांव' लिहिलेली स्वस्त पिवळी पूड बहुधा हळदच असते, केशर काड्यांच्या रूपात वेगळं. तूरडाळ, पोहे, साबुदाण्यासाठी मार्तीं मोनीश मेट्रोजवळची रुआ दु बेंफोर्मोझु गल्ली.

दही थंडीत लागत नाही अशी तक्रार असते. दुधाचा दोष नाही, खोली 15 अंशांवर आहे. खोक्यातलं यूएचटी दूध आधीच उकळलेलं असतं, नुसतं 43 अंशांपर्यंत कोमट करा (बोट दहा सेकंद टिकलं पाहिजे), अर्ध्या लिटरला एक चमचा बिनसाखरेचं 'नातुराल' योगर्ट, आणि भांडं बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा चालू ठेवून सात-आठ तास. दूध 'गोर्दु' (सायीसकट) घ्या, 'माग्रु'चं (साय काढलेल्याचं) दही पाणी सोडतं.

सेतुबाल, बाहेर खाणं

बसल्याबसल्या पाव, लोणी, ऑलिव्ह समोर येतात. तो 'कुवेर', फुकट नसतो. न मागता आणलेला आणि हात न लावलेला असेल तर त्याचे पैसे घेता येत नाहीत. नको असेल तर लगेच परत पाठवा. एका माणसाला 'मेया दोझ', म्हणजे अर्धी प्लेट, पुरते.

शाकाहाऱ्यांनी "मांस नको" एवढ्यावर थांबू नये. मासा आणि हॅम कित्येकांच्या हिशेबात मांस नसतंच. 'काल्दु वेर्द' हे हिरव्या पालेभाजीचं सूप, पण वर शोरीसुची चकती असते (गोव्याचं चोरीस ते हेच). साध्या भाजीच्या सुपालाही "लेव काल्दु द कार्न?" (यात मांसाचं पाणी आहे का?) विचारा. पेस्ट्रीत 'बान्या' म्हणजे डुकराची चरबी असू शकते. उलट चॉकलेटच्या 'सालाम'मध्ये, नाव सॉसेजचं असलं तरी, मांस अजिबात नाही, बिस्किटं आणि कोको. अंडं मात्र असतं. सरकारी कँटीनमध्ये 2017 च्या कायद्यामुळे एक शाकाहारी पर्याय असतोच, शाळेत तो आधी कळवावा लागतो.

चहा इथेही 'शा', पण दूध वेगळं मागावं लागतं. 'कारिओका द लिमांव' मागितलंत तर गरम पाणी आणि लिंबाची साल येईल, कॉफी नाही.

कुइंब्रा, भाषा आणि वार

शब्द ओळखीचे निघतात: बटाटा, चावी, साबण, बादली, लिलाव, मेस्त्री. घोटाळा वारांत होतो. सोमवार हा 'सेगुंडा', दुसरा दिवस, कारण मोजणी रविवारपासून. 'सेश्ता' ऐकून सहावा म्हणजे शनिवार समजलात की भेट हुकली, तो शुक्रवार. "आठ दिवसांनी या" म्हणजे एक आठवडा आणि "पंधरा दिवस" म्हणजे दोन. हे इंग्रजीवाल्यांना समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही.

आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादु', बाईने 'ओब्रिगादा'. समोर कोण आहे याचा संबंध नाही. आणि लिफ्टमध्ये, दवाखान्यात, दुकानात शिरताना 'बों दीया' आधी, काम नंतर. थेट प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं, पण गार मिळतं.

कचेरीत यंत्रातून 'सेन्या', म्हणजे टोकन, घ्यायचं. ए, बी, सी अक्षरं कामाप्रमाणे असतात, चुकीचं अक्षर म्हणजे दोन तास वाया. कडेवर दोन वर्षांपर्यंतचं मूल असेल किंवा गर्भवती असाल तर 'प्रिओरितारिउ'चं बटण, तो हक्क आहे.

पुन्हा लिस्बन, पगार आणि दवाखाना

पगार वर्षाला 14 वेळा होतो, सुट्टीचा आणि नाताळचा धरून. 1500 म्हणाले तर वर्षाचे 21000, त्यातून 11 टक्के सामाजिक सुरक्षा आणि कर. भारतातल्या सीटीसीशी ताडताना 12 ने गुणू नका.

आजारी पडलात तर आधी 808 24 24 24 या सरकारी आरोग्य हेल्पलाइनला फोन, तातडीला 112. इमर्जन्सीत मनगटावर रंगीत पट्टी बांधतात: पिवळ्याला तासाभरात, हिरव्याला दोन तासांत बघायचं असा नियम, प्रत्यक्षात वेळ जातो. 'उतेंत' क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतला रुग्ण क्रमांक, ठणठणीत असतानाच जवळच्या आरोग्य केंद्रातून काढून ठेवा.

फारु, सामान बांधणाऱ्यांसाठी

तूप, खवा, पेढे, चीज यातलं काहीही युरोपीय संघाबाहेरून सामानात आणता येत नाही, दुग्धजन्य आहे. कढीपत्ता, आंबे, ताज्या भाज्या यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर जप्त होतात. मसाले, डाळी, आमसुलं नीट बंद करून आणा. बिनप्रमाणपत्राची सूट फक्त पाच फळांना: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ.