हलव्याचे दागिने: हलवा गळून पडतोय, अर्जंट मदत हवी आहे

घाईत_सई (बुधवार, 21 जानेवारी, रात्री 11:52)
नमस्कार मंडळी, पहिली संक्रांत आहे आणि दागिने घरीच करणार असं मीच मोठ्या तोंडाने सासूबाईंना सांगून बसलेय, आता तोंडघशी पडायची वेळ आलीये. तीन रात्री जागून मुकुट, हार, बाजूबंद केले, कार्डपेपरवर सोनेरी कागद आणि त्यावर हलवा चिकटवला. केलं तेव्हा एकदम झकास दिसत होतं. आज बाहेर काढलं तर सगळं ओलसर, चिकट, हात लावला की दाणे गळतायत आणि मुकुटाची खालची कड पिवळट पडलीये. विकतचा सेट बघून आले, साडेआठशे म्हणाला, त्याचेही दोन दाणे आधीच निखळलेले. माझं बजेट सगळं मिळून चारशे, त्यातले अडीचशे गेले. रविवारी कार्यक्रम आहे. काय चुकतंय?? लवकर सांगा प्लीज.

माजघर (गुरुवार, सकाळी 6:10)
पहिली संक्रांत म्हणजे हौस करायचीच गं, अभिनंदन. पण मुकुट कशाला? नवरीला मुकुट नसतो. मंगळसूत्र, तन्मणी, ठुशी, नथ, बाजूबंद, वाकी, कंबरपट्टा एवढं केलंस तरी साडीवर भरून दिसतं. साडी काळी घे, चंद्रकळा असली तर उत्तम. आणि जावयाला हलव्याचा हार आणि हातात हलव्याचा नारळ, ते विसरू नका, आजकाल नवऱ्याला नुसतं उभं करतात फोटोत.

घाईत_सई (सकाळी 7:35)
अहो काकू नवरी कुठून आली, बाळ आहे! बोरन्हाण आहे रविवारी.

माजघर (सकाळी 7:41)
मग तसं लिहायचं ना. आणि संक्रांत 14 लाच झाली की.

कोकणी_मिरची (सकाळी 8:20)
रथसप्तमीपर्यंत चालतं हो, यंदा ती 25 लाच आहे, म्हणजे बरोब्बर रविवारीच. सई, आधी हे सांग: बाळ किती महिन्यांचं, मुलगा की मुलगी, राहता कुठे, हलवा काट्याचा की गुळगुळीत, आणि कशाने चिकटवलास? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

घाईत_सई (सकाळी 8:48)
मुलगा, 11 महिन्यांचा. डोंबिवली. हलवा पाव किलो आणलाय, मिक्स आहे, काही काट्याचा काही गुळगुळीत. पांढरा गम, शाळेच्या प्रोजेक्टला वापरतात तो. पण याचा आणि पिवळं पडण्याचा काय संबंध? ऑफिसला निघालेय, दुपारी बघते.

ग्लूगन_गौरी (सकाळी 9:02)
पांढऱ्या गममध्ये पाणी असतं आणि हलवा म्हणजे साखर, विरघळणार नाही तर काय. ग्लू गन घ्या, दोन कांड्यांत पूर्ण सेट होतो. मी दोन वर्षं करतेय, भाचीच्या लग्नानंतरचा अख्खा सेट केला, तन्मणीसकट, अजून काचेच्या कपाटात आहे. बोटाला चटके बसतात तेवढं सोसायचं.

माजघर (सकाळी 9:30)
11 महिन्यांच्या पोराला ग्लू गन? ते हार गळ्यात पडल्याबरोबर पहिला तोंडात घालणार, आणि दाण्याबरोबर तो प्लास्टिकचा गोळा पण जाणार. खळ वापरा. मैद्याची खळ, आमच्याकडे पतंग, आकाशकंदील सगळं खळीवर झालं.

ग्लूगन_गौरी (सकाळी 9:34)
काकू खळीत पाणी नसतं का मग?

माजघर (सकाळी 9:51)
घट्ट करायची असते. येत नसेल तर वेगळं.

झटपट_झेलम (सकाळी 10:15)
इतका त्रास कशाला, पांढरे प्लास्टिकचे मणी आणा, नाहीतर थर्माकोलचे बारीक बॉल, लांबून कोणाला कळतंय. पुढच्या वर्षी जावेच्या मुलाला पण वापरता येतो सेट. मी तर कच्च्या साबुदाण्यावर भागवलंय, फोटोत सेम टू सेम.

माजघर (सकाळी 10:22)
मग त्याला हलव्याचे दागिने म्हणू नका. साबुदाण्याचे दागिने म्हणा. बोरन्हाण झालं की तोच हार तोडून पोरांना दाणे वाटायचे असतात, साबुदाणे वाटणार का?

पमाची_परात (सकाळी 11:05)
मुळात विकतचा हलवा घ्यायचाच नाही. घरी करा, साखर आणि तीळ, खर्च काहीच नाही. एक वाटी साखरेला अर्धी वाटी पाणी, उकळी आली की चमचाभर दूध घालायचं म्हणजे मळी वर येते, ती काढायची. पाक एकतारीच्या जरा अलीकडे ठेवायचा. जाड बुडाच्या परातीत मूठभर तीळ किंवा खसखस, खाली गॅस अगदी बारीक (आमची आई शेगडीत निखाऱ्यावर राख पसरून करायची), चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, कोरडं झालं की परत चमचाभर. घाई करून दोन चमचे एकदम घातले की गोळे होतात. बोटं पोळतात म्हणून शेजारी ओला रुमाल ठेवायचा, पण पाण्याचा थेंब परातीत जाता कामा नये. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, माणसाला वाटतं फुकट गेलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत करायला बसलात की काटा फुटायला लागतो, आणि तो वाजतो, हो, परातीत हलव्याचा आवाज बदलतो, आधी वाळूसारखा सरसर असतो तो टणटणीत होतो. चार दिवसांत पांढराशुभ्र. खसखशीचा दागिन्यांना, तिळाचा खायला, लवंगेवरचा पाहुण्यांना.

घाईत_सई (दुपारी 1:10)
पमाताई वाचायला फार छान वाटलं पण आज गुरुवार आहे आणि कार्यक्रम रविवारी :( माझ्या हलव्याचं सांगा कोणीतरी.

वारा_शिकागो (दुपारी 1:55)
एक प्रश्न. पहिल्या पोस्टमध्ये "आज बाहेर काढलं" लिहिलंय. बाहेर म्हणजे कुठून बाहेर?

घाईत_सई (दुपारी 2:03)
फ्रिजमधून. ओट्यावर मुंग्या येतात म्हणून प्रत्येक वेळी झालं की डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवत होते.

वारा_शिकागो (दुपारी 2:09)
सापडला चोर. फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीला बाहेरून कसं पाणी धरतं, तेच तुमच्या हलव्यावर झालं, आणि साखर ते पाणी पिऊन बसली. डोंबिवलीची हवा, म्हणजे खाडी जवळ, दमटपणा आहेच. गमचा दोष असेल पण दुय्यम. आमच्याकडे जानेवारीत बाहेर उणे आणि घरात हीटर, हवा इतकी कोरडी की हात फुटतात, इथे मी मागच्या वर्षीचा हार नुसता भिंतीवर टांगलाय, एक दाणा हलला नाही. भारतातून येताना आईने बॅगेत हलवा दिला होता, कस्टमवाल्याने विचारलं हे काय, मी म्हटलं शुगर ज्वेलरी, तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

ग्लूगन_गौरी (दुपारी 2:30)
फ्रिजमध्ये!!! अगं बाई.

घाईत_सई (दुपारी 2:41)
बरं बरं, कळलं. आधी कोणी म्हणालं नाही फ्रिजमध्ये ठेवू नका म्हणून. आता जे ओलं झालंय त्याचं काय करू? आणि पिवळं?

कोकणी_मिरची (दुपारी 3:20)
पिवळं बहुतेक सोनेरी कागदाचा रंग उतरून झालंय, तो मुकुट टाकून दे, पोराच्या तोंडात जायला नको. बाकीचं जाळीवर पसरून पंख्याखाली ठेव, वाळलं तर ठीक, पण गम लागलेले दाणे खायला कोणाला देऊ नको.

आणि आता चिकटवूच नकोस, बांध. आम्ही रत्नागिरीचे, आमच्याकडे दमटपणात गम टिकतच नाही, आजी सगळं दोऱ्यात बांधायची. पांढरा रिळाचा दोरा दुपदरी घे हातभर, एक टोक खुर्चीच्या दांडीला बांध. दोन पदरांच्या मध्ये दाणा धरायचा, पुढे साधी गाठ, मग दुसरा दाणा, परत गाठ. म्हणजे प्रत्येक दाणा दोन गाठींच्या मध्ये बसतो. कचकन ओढलीस तर दाणा फुटतो, सैल सोडलीस तर निसटतो. दोरा काट्यात रुतताना बोटाला बारीक करकर लागते, तिथे थांबायचं. गुळगुळीत हलवा यात राहतच नाही, तो बाजूला काढून खाऊन टाक. पहिले दहा दाणे रडवतील, मग हात बसतो. मला लहान हाराला दीड तास लागतो.

माळ झाली की जुन्या काळ्या ब्लाउजपीसची दोन बोटं रुंद पट्टी शिव आणि त्यावर माळ मागून टाके घालून टाच. काळ्यावर पांढरा हलवा काय उठून दिसतो बघ, सोनेरी कागदाची गरजच नाही. बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट सगळं असंच, बांधायला नाडी ठेव, रबर नको, काचतं. मुकुटाला आतून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घाल, घरात पडलेल्या असतातच. स्टेपलरची पिन कुठेही नको.

डब्यात ठेवताना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि डबा पाण्याच्या ताटलीत. मुंगी पोहत नाही.

बाबा_नं_1 (संध्याकाळी 6:45)
दागिने सोडा, डोक्यावरून काय ओतणार आहात ते सांगा. शेंगदाणे, हरभरे, अख्खी बोरं, कडक गोळ्या 11 महिन्यांच्या मुलाजवळ नकोत, घशात अडकतात. आमच्या लेकाच्या वेळी काकूंनी हौसेने बोरं-शेंगदाणे ओतले आणि मी दहा मिनिटं त्याच्या तोंडात बोट घालून बसलो होतो, एकाही फोटोत माझा चेहरा सरळ नाही. हलव्याचा दाणाही कडकच असतो, तो हार पण फोटोपुरता घाला आणि लगेच काढा.

माजघर (संध्याकाळी 7:00)
आमची चार झाली, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे सगळं ओतलं, काही झालं नाही कोणाला. मग त्याला बोरन्हाण म्हणायचं कशाला?

बाबा_नं_1 (संध्याकाळी 7:04)
चुरमुरेन्हाण म्हणा.

कोकणी_मिरची (संध्याकाळी 7:20)
मोठी मुलं गोळा करायला येतातच, त्यांच्यासाठी बोरं-ऊस बाजूच्या परातीत ठेवा आणि बाळावर फक्त चुरमुरे. चुरमुरे पण वेचून काढा नंतर. दोघांचंही राहतं.

नव्याने_हळदीकुंकू (रात्री 9:15)
विषय निघालाच आहे तर विचारते, वाणाचं काय करताय सगळ्या? 40 बायका आहेत, एकीमागे 20 रुपयांच्या वर जायचं नाहीये. मागच्या वर्षी प्लास्टिकचे डबे लुटले, त्यातले तीन फिरून माझ्याकडेच आले.

झटपट_झेलम (रात्री 9:22)
कापूर-वातीची पाकिटं.

पमाची_परात (रात्री 9:40)
मी जुन्या साडीच्या पोटल्या केल्या. काठ खालच्या बाजूला येईल असे वीतभर चौकोन कापायचे, आत मूठभर गूळपोळीचा गूळ किंवा तीळ, वर लोकरीची गाठ. एका साडीत 40 आरामात होतात. गिफ्टपेपरला पैसे घालू नका, घरी जाऊन फाडूनच टाकतात.

ग्लूगन_गौरी (रात्री 9:44)
पोटल्यांच्या तोंडाला ग्लू गनने लेस छान बसते.

माजघर (रात्री 9:46)
हिची ग्लू गन काढून घ्या कोणीतरी.

घाईत_सई (शुक्रवार, रात्री 12:30)
बांधतेय. तेवीस दाणे झाले, अकरा फुटले. काट्याचा हलवा संपत आलाय, उद्या शंभर ग्रॅम फक्त काट्याचा आणते. नवरा म्हणतो साडेआठशे देऊन टाकूया. मी उत्तर दिलेलं नाही. करकर कळायला लागलीये पण, खरंच.

घाईत_सई (रविवार, 25 जानेवारी, रात्री 10:05)
झालं एकदाचं. हार, दोन बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट, सगळं काळ्या पट्टीवर. खर्च तीनशे सत्तर, त्यातले फुकट गेलेले धरून. मुकुट डोक्यावर जेमतेम मिनिटभर राहिला, मग त्याने तो स्वतः उतरवून आजोबांच्या मांडीत फेकला. दाणे दोनच निघाले. वरून चुरमुरेच ओतले, साहेब दचकले आणि मग टाळ्या वाजवायला लागले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण शेजारच्यांना कंबरपट्टा उलटा करून टाके दाखवत होत्या. हार तोडून दाणे मोठ्या मुलांना वाटले. कोकणी_मिरची, तुम्ही नसतात तर मी रडत बसले असते. वारा_शिकागो, फ्रिजवर आता चिठ्ठी लावलीये.

कोकणी_मिरची (रात्री 10:20)
फोटो टाक ना, बाळाचा नको, कंबरपट्ट्याचा. टाक्यांच्या बाजूचा.

नव्याने_हळदीकुंकू (रात्री 10:31)
पमाताई, पोटलीला वीतभर म्हणजे तुमची वीत की माझी? माझी लहान आहे, गूळ मावत नाहीये.