मदत हवी आहे: रविवारची फाइट पॉइंटवर की नॉकआउट? गुरुवार रात्रीपर्यंत सांगा

पाऊणशे_किलो_भुसावळ | मंगळवार, १७ डिसेंबर २०२४, रात्री ११:१२
मंडळी, रविवारच्या बॉक्सिंगच्या फाइटचं काय होणार? आमच्या जिममध्ये भाकिताची स्पर्धा लावलीय. कोण जिंकणार ते माझं ठरलंय. अडलंय पुढच्या रकान्यावर, पॉइंटवर की नॉकआउट. नॉकआउट लिहिलं तर राउंडही लिहावा लागतो. जिममध्ये जो तो आपलंच घोडं दामटतोय. जाणकारांनी कारणासकट सांगा, नुसतं 'मला वाटतं' नको. फॉर्म गुरुवारी रात्री बंद होतो.

तापीकाठ_चोपडा | रात्री ११:३०
कोणती फाइट भो? टायसनची तर गेल्या महिन्यातच झाली. ५८ व्या वर्षी उतरला आणि जेक पॉलने पॉइंटवर हरवला. आठच राउंड, ते पण दोन-दोन मिनिटांचे. बघून फार वाईट वाटलं. परत लढतोय का तो?

सातपुडा_यावल | रात्री ११:४१
माइक टायसन नाही, टायसन फ्युरी. शनिवारी रात्री रियाधला उसिक आणि फ्युरी दुसऱ्यांदा भिडतायत, आपल्याकडे रविवारची पहाट, साडेतीनच्या आसपास. हेवीवेटच्या, म्हणजे सगळ्यात जड वजनगटाच्या, जगज्जेतेपदाच्या चार मोठ्या पट्ट्यांपैकी तीन पणाला लागलेत. चौथा, आयबीएफ या संघटनेचा, उसिकने जूनमध्ये सोडला, तो डुब्वा या दुसऱ्या बॉक्सरकडे गेला. धागाकर्ते, हीच ना? आणि तुमचं ठरलंय म्हणजे कोण?

पाऊणशे_किलो_भुसावळ | रात्री ११:४८
हीच. रविवारी दुसरी कोणती आहे? मी उसिक धरलाय. पण प्रश्न तो नाही, पॉइंट की नॉकआउट ते सांगा.

आखाडा_धुळे | बुधवार, १८ डिसेंबर, सकाळी ६:०५
भाऊ, आधी माणूसच चुकीचा धरलाय तुम्ही. मी लहानपणापासून आखाड्याच्या मातीत आहे, वजन काय करतं ते मला विचारा. फ्युरी सहा फूट नऊ इंच, उसिक सहा फूट तीन. मे महिन्यातल्या त्यांच्या पहिल्या फाइटला फ्युरी २६२ पाउंडांचा होता, उसिक २२३.५. म्हणजे सतरा किलोंहून जास्त फरक. एवढा माणूस अर्धा तास मानेवर लोंबकळला तर खालच्याचे पाय जातात. फ्युरीने हे करून दाखवलंय. वाइल्डरबरोबरची २०१८ ची पहिली फाइट बरोबरीत सुटली. २०२० ला तो वजन वाढवून २७३ वर आला, सरळ अंगावर गेला आणि सातव्या राउंडला संपवलं. या वेळी तेच होणार. फ्युरी, नॉकआउट, दहावा राउंड. डोळे मिटून लिहा.

सातपुडा_यावल | सकाळी ७:२०
आखाडा भाऊ, कुस्तीत पकड बसली की बसली, बॉक्सिंगमध्ये रेफरी येऊन सोडवतो. आणि वजन वाढवून आलेला रुईझ विसरलात का? जून २०१९ ला त्याने जोशुआला सातव्या राउंडला पाडलं. डिसेंबरच्या परतफेडीला पंधरा पाउंड वाढवून २८३ वर आला आणि बारा राउंड नुसता मागे धावत राहिला. जोशुआ वजन उतरवून आला होता, तोच पॉइंटवर जिंकला.

आखाडा_धुळे | सकाळी ७:३१
रुईझ खाऊन वाढला होता. फ्युरी ठरवून वाढतो. दोन्ही एक नव्हे.

पांझराकाठ | सकाळी ९:१५
डोकं कशाला शिणवता? सट्टेबाजांचे भाव बघा. ज्यांचा पैसा लागलाय त्यांना जास्त कळतं. उसिक किंचित पुढे आहे, विषय संपला.

सातपुडा_यावल | सकाळी ९:४०
भावांवरच चालायचं असतं तर ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत डग्लसने माइक टायसनला पाडलंच नसतं. डग्लसचा भाव ४२ ला १ होता आणि दहाव्या राउंडला टायसन माउथगार्ड शोधत जमिनीवर होता. आणि इथे सट्ट्याचं नाव नका काढू. आमच्याकडे त्यापायी केळीचे मळे विकले गेलेत.

रिंगजवळची_जळगाव | सकाळी १०:०२
मी स्पर्धांमध्ये पंच म्हणून गुण देते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मे महिन्यातली तिन्ही कार्डं, म्हणजे तिन्ही पंचांचे गुणतक्ते, समोर ठेवा: ११५-११२ उसिक, ११४-११३ उसिक आणि ११४-११३ फ्युरी. प्रत्येक राउंडचा हिशेब वेगळा असतो. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, काउंट पडला, म्हणजे ठोशाने कोलमडलेल्यासाठी रेफरीने आकडे मोजले, तर ८. त्या रात्री एकच काउंट पडला, नवव्या राउंडला. उसिकच्या डाव्या हाताचा ठोसा बसल्यावर फ्युरी या दोरावरून त्या दोरावर झोकांड्या खात होता. तो जमिनीवर पडला नाही, दोरांनी तोलून धरलाय म्हणून रेफरीने काउंट दिला. तो एक गुण काढून टाका आणि पुन्हा मोजा. पहिलं कार्ड उसिकचंच राहतं, दुसरं ११४-११४ होतं, तिसरं फ्युरीकडे ११५-११३ जातं. म्हणजे अख्खी फाइट बरोबरीत.

म्हणून 'उसिकने सहज मारली' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. चौथ्यापासून सातव्यापर्यंत फ्युरी भारी पडत होता, त्याचे पोटावरचे अपरकट, म्हणजे खालून वर मारलेले ठोसे, आत शिरत होते. पण आठव्यानंतर कोण उरला ते बघा. एकूण बसलेले ठोसे मोजणाऱ्यांनी उसिकचे १७० धरले, फ्युरीचे १५७. आणि ते १७० फ्युरीपेक्षा बरेच कमी ठोसे फेकून. पंच त्यालाच गुण देतात, स्वच्छ बसलेल्या ठोशाला. मानेवर लोंबकळण्याला गुण नाहीत, आखाडा दादा.

आता मूळ प्रश्न. हेवीवेटमध्ये आल्यापासून उसिकच्या सहा फाइट झाल्या, त्यातल्या चार पूर्ण बारा राउंड चालल्या. फ्युरीला वाइल्डरने दोन फाइटमध्ये मिळून चार वेळा पाडलं, गेल्या वर्षी एन्गानूने एकदा पाडलं, दर वेळी तो उठला. आजवर त्याला वेळेआधी कोणीही हरवलेलं नाही. उसिक तर हरलेलाच नाही. या दोघांत नॉकआउट लिहायला तसा आधार सापडत नाही. माझ्या मते पॉइंट.

पण तुमच्या स्पर्धेचे गुण कसे आहेत ते तुम्ही लिहिलंच नाही. त्यावर सगळं अवलंबून आहे.

पाऊणशे_किलो_भुसावळ | सकाळी ११:१०
ताई, असंच कोणीतरी नीट सांगायला हवं होतं. गुण असे: विजेता बरोबर आला तर ५, प्रकार बरोबर आला तर ५. नॉकआउटचा राउंड बरोबर आला तर वर १०.

पांझराकाठ | सकाळी ११:१८
मग नॉकआउटच लिहा. पॉइंटला एकूण दहा, नॉकआउटला वीस. सरळ दुप्पट.

रिंगजवळची_जळगाव | दुपारी १२:०५
दुप्पट कसे? ते वरचे दहा मिळायला बारा राउंडांतला नेमका एक सापडावा लागतो. आणि आधी नॉकआउट व्हावा लागतो. फाइट पॉइंटवर गेली तर प्रकाराचे पाचही जातात. धागाकर्ते, दहा जणांनी पॉइंट लिहिलं आणि सगळ्यांना सारखेच गुण पडले तर काय, तेही सांगा.

पाऊणशे_किलो_भुसावळ | दुपारी १२:२०
पॉइंट लिहिणाऱ्याने पंचांच्या कार्डाचा आकडा पण लिहायचा. गुण सारखे झाले तर ज्याचा आकडा जास्त जवळ तो जिंकला.

सातपुडा_यावल | दुपारी १२:२६
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये नको का? अर्धा दिवस आम्ही वजनावर भांडतोय.

भरीतप्रेमी_बामणोद | दुपारी १:००
पहाटे साडेतीनला जमणार म्हणजे भरिताचा बेत असेलच. वांगी आमच्याकडून न्या, हिरवी, लांबट, कमी बियांची. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, गॅसवर भाजाल तर चव येणार नाही. लाकडी भांड्यात ठेचा, मिक्सर नको. किती जण आहात?

तापीकाठ_चोपडा | दुपारी १:०९
आणि बरोबर कळण्याची भाकरी. पुऱ्या नकोत.

भरीतप्रेमी_बामणोद | दुपारी १:१४
लेवा पाटलांच्या घरी येऊन सांगा पुऱ्या नकोत म्हणून. कळण्याच्या पुऱ्याच लागतात.

आबा_पारोळा | दुपारी २:३०
मना भी एक प्रश्न शे. मना नातूले बॉक्सिंग शिकनं शे, बारा वरीसना शे. डोकाले मार लागस का? त्यानी माय नही म्हनस.

रिंगजवळची_जळगाव | दुपारी ३:१०
आबा, या वयात नुसतं पायकाम, दोरीवरच्या उड्या आणि बॅगवर जॅब शिकवतात. समोरासमोर लढत हेडगार्ड घालून आणि शिक्षकाच्या नजरेखालीच होऊ द्या. डोक्याला मार लागला आणि चक्कर, उलटी किंवा डोकेदुखी झाली तर तिथेच थांबवून डॉक्टरांकडे न्यायचं, पोरगा कितीही 'बरा आहे' म्हणाला तरी. आईला एकदा सराव बघायला घेऊन या.

पाऊणशे_किलो_भुसावळ | दुपारी ४:४५
मंडळी, भरीत नंतर. माझ्यासाठी ही गंमत नाही. बक्षीस म्हणून स्पर्धेत वापरायचे नवे ग्लोव्हज आहेत. माझा धाकटा भाऊ लढतो, जानेवारीत त्याची निवड चाचणी आहे. आता तो दुसऱ्याचे मागून घालतो, आतलं पॅडिंग बसलेलं आहे, मनगट दुखतं त्याचं. मला ते ग्लोव्हज त्याच्यासाठी हवेत. पॉइंट लिहिलं तर आकडा कोणता लिहू ते सांगा.

आखाडा_धुळे | सायंकाळी ५:३०
भावासाठी आहे तर मनापासून सांगतो. हरलेला मल्ल परत येतो तेव्हा तो वेगळा असतो. अली १९७१ ला फ्रेझरकडून हरला, १९७४ ला त्याने परतफेड केली. लुईस एप्रिल २००१ ला रहमानकडून पाचव्या राउंडला झोपला आणि नोव्हेंबरमध्ये त्याच रहमानला चौथ्याला झोपवलं. फ्युरी पण बदलून येणार. मी माझं मत सोडत नाही.

सातपुडा_यावल | सायंकाळी ६:१२
आणि जोशुआ? सप्टेंबर २०२१ ला उसिककडून हरला, ऑगस्ट २०२२ ला नवा शिक्षक, नवा डाव घेऊन आला. आधीपेक्षा चांगला लढलासुद्धा. तरी उसिकच जिंकला. समोरचा बदलतो तसा उसिकही बदलतो. तुमच्या उदाहरणांत समोर उसिक नव्हता.

भुसावळ_जंक्शन | रात्री ८:२०
या वेळी एआयचा पण एक पंच बसवणार म्हणे. जिमवाले त्याचं कार्ड धरणार का? ते आधी विचारून घ्या.

रिंगजवळची_जळगाव | रात्री ८:५५
ते कार्ड निकालात धरणार नाहीत, खरे पंच तीनच.

आकड्याचं असं. काउंट पडला नाही आणि सगळे राउंड १०-९ धरले, तर सात-पाच राउंडांचं कार्ड ११५-११३ होतं, आठ-चारचं ११६-११२, नऊ-तीनचं ११७-१११. फ्युरी चार-पाच राउंड घेणार हे मे महिन्यावरून धरून चाला. म्हणून ११५-११३ किंवा ११६-११२, त्यापलीकडे जाऊ नका. आणि भावाला तोपर्यंत पट्टी नीट बांधायला सांगा, मनगटावर दोन वेढे जास्त. जुन्या ग्लोव्हजने कडक बॅगवर जोरात मारू देऊ नका.

पाऊणशे_किलो_भुसावळ | गुरुवार, १९ डिसेंबर, रात्री ९:३०
फॉर्म दिला. उसिक, पॉइंट, ११५-११३.

आखाडा_धुळे | शनिवार, २१ डिसेंबर, सकाळी ८:००
वजनं बघितली का? फ्युरी २८१, उसिक २२६. पंचावन्न पाउंडांचा फरक, पंचवीस किलो! मी पहिल्यापासून सांगतोय.

पाऊणशे_किलो_भुसावळ | सकाळी ८:०४
आता फॉर्म बदलता येत नाही. ताई, एवढ्या वजनाने काही फरक पडेल का?

रिंगजवळची_जळगाव | सकाळी ९:१०
पहिले सहा राउंड उसिकला त्रास होईल. पण एवढं वजन घेऊन बाराव्या राउंडपर्यंत हात वर ठेवणं फ्युरीला जड जाईल. तुमचं भाकीत आहे तेच बरोबर वाटतं.

पाऊणशे_किलो_भुसावळ | रविवार, २२ डिसेंबर, सकाळी ६:१५
उसिक! पॉइंटवर! तिन्ही पंचांचं एकच कार्ड, ११६-११२. सगळी पोरं शेकोटीभोवती ओरडत होती. ताई, तुमचे उपकार आहेत.

आखाडा_धुळे | सकाळी ७:४०
तिघांचं अगदी एकसारखं कसं काय? मला फ्युरीचे सहा राउंड दिसले. तो स्वतः पण म्हणतोय मीच जिंकलो.

सातपुडा_यावल | सकाळी ७:५५
कार्ड सारखं म्हणजे राउंडही तेच दिले असं नसतं. आठ राउंड उसिकचे, पण कोणते आठ ते प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. आणि शेवटच्या राउंडांत पुढे कोण येत होतं ते परत बघा.

पाऊणशे_किलो_भुसावळ | सकाळी १०:३०
आता नवीन अडचण. ११६-११२ कोणीच लिहिलं नव्हतं. माझं ११५-११३, दुसऱ्या एकाचं ११७-१११. दोघेही एकाएका राउंडाने चुकलोय, अंतर अगदी सारखं. नियमात याच्या पुढे काही नाही. जिमवाले म्हणतात चिठ्ठी टाकू. मला चिठ्ठी नको, काहीतरी न्यायाचं सांगा.

पांझराकाठ | सकाळी १०:४१
ज्याने फॉर्म आधी दिला त्याला द्या.

भरीतप्रेमी_बामणोद | सकाळी १०:५०
भरीत झालं का शेवटी?

रिंगजवळची_जळगाव | सकाळी ११:२०
आधी-नंतरमध्ये बॉक्सिंगचं ज्ञान कुठे आलं? दोघांनी वेगवेगळ्या खोलीत, आवाज बंद करून फाइट पुन्हा बघावी आणि राउंडवार गुण कागदावर लिहावेत. पंचांची राउंडवार कार्डं जाहीर होतात. तिन्ही पंचांशी ज्याचे जास्त राउंड जुळतील त्याचे ग्लोव्हज. फक्त आधी दोघांपैकी कोणी ती कार्डं बघितलेली नसावीत.

पाऊणशे_किलो_भुसावळ | सकाळी ११:३४
हे मान्य. समोरचा पण तयार आहे, संध्याकाळी बसतोय. ती राउंडवार कार्डं कुठे मिळतील तेवढं कोणीतरी आमच्या जिमच्या सरांना पाठवा, मला नको.