घसरणारा बॉल घरंगळायला लागतो तेव्हा घर्षण जातं कुठे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लेक अकरावीत आहे. तिच्या पुस्तकात एक गणित आलं: भरीव गोळा न फिरवता सपाट जमिनीवर नुसता घसरत सोडला, तर तो नीट घरंगळायला लागेल तेव्हा वेग किती उरेल? उत्तर सुरुवातीच्या वेगाच्या ५/७. उत्तरात घर्षणाचा पत्ताच नाही! मी कॉमर्सवाला, मला काही पटेना. जमीन गुळगुळीत असेल तर बॉल कमी अडेल, मग वेग जास्त उरायला नको?

रविवारी हॉलमध्ये करूनच पाहिलं. भावाकडचा स्नूकरचा जुना बॉल घेतला, त्यावर मार्करने ठिपका काढला, शिंप्याची टेप फरशीला चिकटवली आणि लाकडी पट्टीने बॉलच्या बरोब्बर मध्यावर टोला दिला. मोबाईलवर स्लो मोशन. आधी ठिपका जागचा हलत नाही, बॉल तसाच सरकतो. मग ठिपका हळूहळू पुढे कलंडतो आणि एकदम लयीत फिरायला लागतो. बघत राहावंसं वाटतं.

कोरड्या फरशीवर साधारण ५५ सेंटीमीटरनंतर बॉल घरंगळायला लागला. वेग २.१ मीटर प्रति सेकंद होता, तो १.५ वर आला. मग कॅरमची पावडर भुरभुरवली. आता तो मीटरभराहून जास्त घसरला, पण शेवटी वेग पुन्हा दीडच्याच आसपास!

लेक म्हणते, ‘बाबा, अँग्युलर मोमेंटम.’ मला जरा माणसांच्या भाषेत सांगा.

प्रतिसाद १

प्रयोग झकास. पावडरीमुळे बॉल कमी जोराने अडला हे खरं, पण तो जास्त वेळ अडत राहिला. जोर निम्मा, वेळ दुप्पट, हिशेब तोच.

आता ५/७ कुठून आले? घर्षण एकाच वेळी दोन कामं करतं. पुढे जायचा वेग कमी करतं आणि बॉलला फिरवतं. भरीव गोळ्यात पुढचा वेग २ ने घटतो तेवढ्यात कडेचा फिरण्याचा वेग ५ ने वाढतो. पुढचा वेग ७ वरून खाली येतोय, कडेचा शून्यावरून वर चढतोय. दोघांची गाठ ५ वर पडते. ती पडली की बॉलचा जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो, घासणं संपतं आणि ते घर्षणही संपतं. पावडर फक्त गाठ कधी पडणार ते ठरवते, कुठल्या वेगाला पडणार ते नाही.

पिंगपाँगचा बॉल पोकळ असल्याने त्याला ५/७ ऐवजी ३/५ येतात, पण तो इतका हलका की हवाच गोंधळ घालेल.

धागाकर्ता

‘गाठ ५ वर पडते’ हे डोक्यात बसलं, आभार! पण २.१ चा १.५ झाला म्हणजे जवळजवळ निम्मी ऊर्जा गेली. पुस्तकात तर फक्त २/७ जाते असं दिलंय.

प्रतिसाद २

तुम्ही फक्त पुढे जाण्याची ऊर्जा मोजलीत. ४९ भागांपैकी २५ तिथे उरतात, १० फिरण्यात जातात आणि १४ घासण्यात उष्णता होऊन संपतात. १४/४९ म्हणजेच २/७. उष्णता काढताना बॉल किती पुढे गेला ते धरू नका, किती घासला ते धरा. कोरड्या फरशीवर तो ५५ सेंटीमीटर गेला, पण घासला ३२ च्या आसपास.

प्रतिसाद ३

टोला मध्यावर न देता जमिनीपासून उंचीच्या ७/१० वर द्या, तुमच्या बॉलला साधारण ३७ मिलीमीटर. घसरणं जवळजवळ होतच नाही, बॉल पहिल्यापासून घरंगळतो. कोरिओलिस हा फ्रेंच गणितज्ञ वाऱ्यांच्या वळण्यामुळे आपल्याला माहीत आहे, पण त्याने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. फक्त पट्टीच्या टोकाला खडू घासा, नाहीतर ती बॉलवरून सटकेल. क्यूला, म्हणजे स्नूकरच्या काठीला, खडू लावतात तो याचसाठी.

धागाकर्ता

केलं! पहिले दोन टोले सटकले, एक थेट सोफ्याखाली. तिसऱ्याला ठिपका पहिल्या फ्रेमपासून फिरत होता. लेकीने मग आणखी वर मारून बघितलं, तर बॉल सुटल्यावर पुढे जाताना वेग *वाढला*. घर्षण पुढे ढकलतंय की काय?

प्रतिसाद १

हो, ढकलतंयच. बॉल गरजेपेक्षा जास्त फिरतोय, त्यामुळे जमिनीला टेकलेला बिंदू मागे घासतोय आणि घर्षण पुढच्या दिशेने लागतंय. चिखलात गाडीचं चाक जागच्या जागी गरगरतं ना, तसंच. गाठ इथेही पडतेच, फक्त पुढचा वेग खालून वर येतो.