शब्दचर्चा : रंग ‘वाळला’ म्हणजे नेमकं काय झालं?

भाषावेडी
सुटे भाग जोडून बनवायच्या प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारीचं किट क्राफ्ट ॲक्रिलिकने, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाने, रंगवायच्या पायऱ्या मराठीत लिहायच्या तर दोन ठिकाणी शब्द अडतो. रंग बोटाला लागेनासा होणं ही एक अवस्था आणि तो तळापर्यंत पक्का होणं ही दुसरी, पण दोन्हींना आपण ‘वाळला’च म्हणतो. दुसरी अडचण ‘कोट’ची. त्याला थर म्हणावं, हात म्हणावं की पुट? पहिल्या गोंधळाने काम हमखास बिघडतं, म्हणून आधी तो घेऊ. ‘सुकला’ आणि ‘मुरला’ ही जोडी कशी वाटते?

साचा
‘मुरला’ नको. मुरणं म्हणजे आत शिरणं. पाणी भिंतीत मुरतं, मीठ कैरीत मुरतं. किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरिनचं असतं आणि ॲक्रिलिक त्यात तसूभरही शिरत नाही, नुसतं वर बसून राहतं. सगळी अडचण तिथूनच सुरू होते. बाटलीतला रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे ॲक्रिलिकचे बारीक कण आणि रंगद्रव्य. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना भिडतात, जुळतात आणि त्यांचा सलग पापुद्रा होतो. वरचं पाणी आधी उडतं, खालचं पापुद्र्याखाली अडकतं. म्हणून पातळ हात अर्ध्या तासात बोटाला लागेनासा होतो, पण तळ पक्का व्हायला दिवस जातात. ‘मुरला’ वाचून नवशिक्याला वाटेल की रंगाने प्लॅस्टिक धरलं, आणि तो अस्तर, म्हणजे रंगाआधीचा प्रायमर, वगळेल.

कुंचलेवाला
दोरीवरच्या कपड्यांसाठी आपल्याकडे पूर्ण शिडी तयार आहे. ओले, आंबटओले, वाळलेले, खडखडीत. तीच इथे घ्यावी. पातळ हातासाठी, उघड्या हवेत, अंदाज असा:

ओला : पहिली दोन-तीन मिनिटं. कुंचल्याच्या रेघा आता मोडता येतात.
आंबटओला : पुढची साधारण वीस मिनिटं. हात लावायचा नाही.
वाळलेला : अर्ध्या तासानंतर. पुढचा हात देता येतो.
खडखडीत : किमान तीन दिवसांनी. मास्किंग टेप (रंग नको तिथे झाकायची चिकटपट्टी), पॉलिश पेपर आणि व्हार्निश याच्या आधी नाही.

कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये सगळे आकडे दुप्पट धरा.

सर्वांत जास्त नुकसान आंबटओल्या अवस्थेत होतं. बॉनेटवर एखादी जागा फिकी दिसते, माणूस कुंचला परत फिरवतो, आणि वर धरलेली साय फाटून तिच्या वळकट्या कुंचल्याबरोबर येतात. खाली प्लॅस्टिक उघडं पडतं. फिकी जागा तशीच सोडायची. पुढच्या हातात ती भरते.

भाषावेडी
‘आंबटओला’ एकदम पटला. त्यात ‘अजून नाही’ हा इशारा आपोआप येतो. पण वाळलेला आणि खडखडीत यांतला फरक ओळखायचा कसा? दोन्ही हाताला सारखेच लागतात.

कुंचलेवाला
मोटारीचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या जाळीला लागलेले येतात, तिचा एक रिकामा तुकडा बाजूला ठेवा. गाडीला जेवढे हात, तेवढेच त्याच दिवशी त्यालाही द्या. मग परीक्षा त्या तुकड्यावर. अंगठ्याचं नख दाबा. वण उठला तर नुसता वाळलाय. वण नाही उठला, तर खडखडीत. गाडीवर नख लावायची वेळच येत नाही.

पॉलिश पेपरही हेच सांगतो. 2000 नंबरचा कागद पाण्यात भिजवून हलका फिरवला आणि रबरासारख्या गोळ्या सुटल्या, की थांबायचं. क्राफ्ट ॲक्रिलिक मुळातच मऊ आणि लवचिक, त्यामुळे इनॅमलसारखी (तेलाच्या कडक रंगासारखी) कोरडी भुकटी त्यातून सहज पडत नाही. म्हणून घासून गुळगुळीत करण्याचं काम अस्तरावर उरकावं, रंगावर ठेवू नये.

दोन_हात
आता माझ्या नावाचा शब्द. रंगारी ‘दोन हात मार’ म्हणतो तेव्हा तो क्रिया मोजत असतो. ‘थर’ म्हणजे त्या क्रियेनंतर पृष्ठभागावर जे उरतं ते. हे दोन शब्द वेगळे ठेवले तर एक मोठी चूक शब्दांतच पकडता येते: ओल्यावर दुसरा हात मारला तर हात दोन होतात, पण थर एकच होतो, तोही जाड, आणि खालून दमट राहणारा. ‘चार हात, चार थर’ असं लिहिलं की मधलं वाळवणं आलंच.

‘पुट’ जुना आणि सुंदर शब्द आहे, पण ‘धुळीची पुटं’ हा प्रयोग इतका रुळलाय की साचत गेलेल्या नकोशा गोष्टीचा वास येतो. ‘लेप’ तर इथे चुकीचाच, कारण लेप जाडच असतो.

साचा
सहमत. जाडीचा मुद्दा आकड्यात सांगतो. तामिया या जपानी कंपनीचं 1966 च्या फोक्सवॅगन बीटल गाडीचं किट 1:24 प्रमाणातलं आहे. खरी गाडी साधारण 4.07 मीटर, म्हणजे मॉडेल सुमारे 170 मिलिमीटर. खऱ्या दाराभोवती 4 मिलिमीटरची फट धरली, तर मॉडेलवर ती जेमतेम 0.17 मिलिमीटर येते. रंग फटीच्या दोन्ही भिंतींवर चढतो, त्यामुळे प्रत्येक थर तिला दोन्हीकडून बुजवतो. अस्तर आणि चार थर झाले की दार कोरलेलं न वाटता पेन्सिलने काढलेलं वाटतं. उपाय अस्तराच्या आधीच करायचा: फटीतून सुरीची पाठ, धार नव्हे, दोन-तीनदा हलकी ओढून ती खोल करायची.

इथे शब्द ‘फट’च ठेवावा. ‘रेघ’ म्हटलं की लोक ती रंगवायला बघतात.

भाषावेडी
मग ‘हात’ आणि ‘थर’ दोन्ही, आपापल्या जागी. एका हातात रंग किती पातळ?

दोन_हात
दुधाइतका. तीन भाग रंगाला एक भाग पाणी इथून सुरुवात करा. निम्म्याहून जास्त पाणी झालं तर बांधणी सैल होते. रंग कडांपासून पळून खोलगट भागात साचतो आणि वाळल्यावर सहज निघतो. त्याहून पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेलं ॲक्रिलिक, घाला. कुंचला चपटा, सिंथेटिक केसांचा, छतासाठी आणि बॉनेटसाठी 10 ते 12 मिलिमीटर रुंद. पहिला हात ठिगळं-ठिगळं दिसणारच, त्याला झाकायचा प्रयत्न करू नका. पिवळा आणि लाल कमी झाकतात. पिवळ्याखाली पांढरा थर द्या, लालाखाली फिका गुलाबी. मग त्याच रंगाचे सहा-सहा हात द्यावे लागत नाहीत.

कुंचलेवाला
‘अस्तर’बद्दल वाद नसावा. कापडाचं अस्तर आत असतं, दिसत नाही, पण वरच्याला धरून ठेवतं. प्रायमरचं कामही तेच. फक्त घराच्या भिंतीचं अस्तर इथे चालत नाही, ते जाड असतं. प्लॅस्टिक मॉडेलसाठीचा स्प्रे घ्यावा. मोटार गॅरेजमधल्या काही स्प्रेंचा द्रावक पॉलिस्टायरिनवर चढतो आणि पृष्ठभागावर बारीक चिरांचं जाळं उठतं, म्हणून आधी रिकाम्या तुकड्यावर मारून बघा. त्याआधी सगळे भाग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवा. साच्यातून सुटायला लावलेला तेलकटपणा राहिला तर अस्तरही धरत नाही, आणि मास्किंग टेपबरोबर रंगाचे पोपडे निघतात.

सांध्यातल्या फटी भरायच्या पुट्टीला सुतारांचा ‘लांबी’ हा शब्द आहे. वाक्यात मात्र ‘लांबी भरा’ असं क्रियापदासकट लिहा, नाहीतर वाचणारा पट्टी काढेल.

साचा
त्या जाळीसाठीही शब्द सुचवतो. भाग ज्या काड्यांना लागलेले असतात त्या फांद्या, आणि भाग नि फांदी जोडणारा बारीक टोक म्हणजे देठ. आंबा उतरवताना देठ ठेवून तोडतात, इथेही तसंच. पहिला काप भागापासून दोन मिलिमीटर लांब, दुसरा जवळ, उरलेलं 400 आणि मग 600 नंबरच्या कागदाने. एकदम लागून कापलं तर ताणाने प्लॅस्टिकवर पांढरा डाग उमटतो, कधी टवकाच निघतो.

दोन_हात
‘देठ’ पक्का. बोलीत आधीच आहे, समजावून सांगावा लागत नाही.

भाषावेडी
आणि पाण्यात भिजवून लावायची नंबर-चित्रं, डेकल? ‘जलछाप’ कुणी सुचवलाय.

साचा
जलछाप वाचून नोटेवरची खूण आठवते. ‘डेकल’ राहू द्या. क्रियापद मात्र मराठी हवं: डेकल ‘चिकटवत’ नाहीत, ‘सरकवतात’. कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, मग कागदावरून थेट गाडीवर सरकवायचं. खालचा थर तुकतुकीत हवा. मंद, खरबरीत थरावर डेकलखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक दिसते.

कुंचलेवाला
काचांचं एक राहिलं. पारदर्शक भाग सुपरग्लूने लावले तर त्याच्या वाफेने पांढुरके होतात. मराठीत त्याला ‘धुरकटणं’ म्हणावं. तिथे पांढरा फेविकॉल, काडीच्या टोकाने, कडेवर. उरलेले सांधे प्लॅस्टिक विरघळवणाऱ्या सिमेंटने. त्या सांध्यावर रंग असेल तर आधी खरवडून काढा, कारण सिमेंट प्लॅस्टिकला प्लॅस्टिकशी वितळवून एक करतं, मध्ये रंग आला की सांधा नुसत्या रंगाच्या पापुद्र्यावर टांगलेला राहतो.

भाषावेडी
म्हणजे यादी अशी: आंबटओला, वाळलेला, खडखडीत, हात, थर, अस्तर, लांबी, फट, फांदी, देठ, धुरकटणं. ‘व्हार्निश’ला ‘रोगण’ घ्यावं का?

दोन_हात
नको. रोगण काहींना रंग, काहींना तेल. व्हार्निश सगळ्यांना कळतं. खडखडीत झाल्यावरच द्या, आणि डबीतलं पाण्याचं व्हार्निश असेल तर कुंचला एकाच दिशेने, एकदाच. पावसाळी दिवशी स्प्रेचं लॅकर मारू नका. हवेतली दमट वाफ त्यात धरते आणि काळी गाडी राखाडी दिसते.