पन्नाशीनंतरचा संगीतनट: थांबावं कधी, बोलावं किती?

तिसरी_घंटा: संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही नऊवारी नेसून उभे राहत. गळा तोच, देह मात्र थकलेला. ज्येष्ठ नटानं काय करावं? मुलाखतीत कडवटपणा कसा आवरावा?

विंगेतून: आधी भूमिका बदला. १९३५च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ झाले, पण प्रेक्षकांना ‘मानापमान’ नाटकातली भामिनीच हवी होती, म्हणून पुन्हा स्त्रीवेष. ही ओढ फार क्रूर असते हो! दुसरं, पट्टी, म्हणजे गाण्याच्या सुराची उंची, उतरवा. काळी दोनचं पद त्याखालच्या काळी एकवर घ्या, ऑर्गनवाल्याला नवी पट्टी लिहून द्या. हट्टानं वर गायलं की तान फाटते आणि तिसऱ्या अंकापर्यंत घसा बसतो.

रंगपट: मुलाखतीआधी प्रश्न मागवा. घरच्या विषयावर एकच ठरलेलं वाक्य, पुढे गप्प. गायिका गोहरबाईंशी असलेल्या नात्यावरून बालगंधर्वांबद्दल किती बोललं गेलं! जुन्या सहकाऱ्याचा राग काढायचाच तर वहीत काढा, कॅमेऱ्यापुढे नको. ती क्लिप वर्षानुवर्षं फिरते.

विंगेतून: कडवटपणाचं मूळ पुष्कळदा पैशात असतं. राज्याच्या ज्येष्ठ कलावंत मानधनासाठी अर्ज करा. त्यासाठी जुन्या जाहिराती, हँडबिलं, कात्रणं तारखेसह जपा. तारीख फाटलेलं हँडबिल पुरावा म्हणून लंगडं पडतं.